कर्ज ‘सेटल’ झाल्यानंतर सिबिल स्कोअर पुन्हा उभा कसा करावा : कामांचा योग्य क्रम

तडजोडीची रक्कम भरली आणि वसुलीचे फोन थांबले, की बहुतेक कर्जदार दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण सगळे मिटले असे समजून पुढची दोन-तीन वर्षे क्रेडिट रिपोर्टकडे पाहतच नाहीत. काही जण त्याच महिन्यात चार ठिकाणी नव्या कार्डासाठी अर्ज करतात आणि चारही ठिकाणी नकार पदरात पाडून घेतात. दोघांचाही स्कोअर खालीच राहतो. करायची कामे फार नाहीत आणि ती अवघडही नाहीत. चुकतो तो त्यांचा क्रम. जुन्या खात्याची नोंद नीट होण्याआधी नवे कर्ज मागितले, की नव्या कर्जाचा नकार आणि जुन्या खात्याचा डाग असे दोन्ही रिपोर्टवर एकत्र दिसतात.

हा लेख भारतातल्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, वाहनकर्ज वा गृहकर्ज थकून शेवटी तडजोडीत मिटले (म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली) किंवा राइट-ऑफ झाले (म्हणजे बँकेने ते आपल्या हिशेबातून बाजूला काढले), अशा कर्जदारांसाठी आहे. न्यायालयाकडून नादार घोषित होण्याची वेळ आपल्याकडे सामान्य नोकरदारावर क्वचितच येते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या त्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. इतरांसाठी १९०९ आणि १९२० चे जुने नादारी कायदेच आहेत. त्यामुळे आपल्याकडे ‘दिवाळे निघाले’ म्हणजे व्यवहारात रिपोर्टवर ‘सेटल्ड’ किंवा ‘रिटन-ऑफ’ असा शेरा बसला, असाच अर्थ होतो.

टप्पा १ : चारही ब्युरोंचे रिपोर्ट काढणे

आपण ‘सिबिल’ म्हणतो ती एकच संस्था आहे असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट ब्युरो, म्हणजे कर्जांच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्था, आहेत, आणि बँका व वित्तसंस्थांना या चारही ठिकाणी माहिती द्यावी लागते. एका ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणजे चारही ठिकाणी झाली, असे होत नाही. नवी बँक यांपैकी कोणाचा रिपोर्ट पाहील हे आपल्या हातात नसते, म्हणून सुरुवात चारही रिपोर्टपासूनच करावी.

प्रत्येक ब्युरोकडून कॅलेंडर वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तो ब्युरोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढावा. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या अ‍ॅपवर मोठा आकडा दिसतो, पण प्रत्येक खात्याचा सविस्तर तपशील अनेकदा मिळत नाही. शिवाय तिथे दिलेल्या मोबाइल क्रमांकावर कर्जाच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो आणि नेमक्या याच काळात तो मोह नको असतो.

तपासणी : स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जाच्या अर्जानंतर बँकेने केलेल्या चौकशीने. या भीतीपोटी अनेक जण रिपोर्ट काढायचे टाळतात; तसे करू नये.

टप्पा २ : रिपोर्ट ओळ न् ओळ वाचणे

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो, पण पहिल्या वाचनात तो आकडा बाजूला ठेवावा आणि खात्यांच्या पानांवर जावे. एक वही घ्यावी, प्रत्येक खात्यासाठी एक पान करावे आणि त्यावर संस्थेचे नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, खात्याची स्थिती, सध्याची बाकी, थकीत रक्कम, राइट-ऑफ रक्कम, सेटलमेंटची रक्कम आणि माहिती शेवटची कळवल्याची तारीख एवढे उतरवून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु पुढची सगळी पत्रे याच वहीवरून लिहायची असतात.

त्यानंतर त्या खात्याखालची महिन्यांची जाळी पाहावी. तिथे जास्तीत जास्त ३६ महिन्यांचे चौकोन असतात आणि त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता तो आकडा त्यात असतो. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०६०’ म्हणजे साठ दिवस उशीर. तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती संस्थेने पाठवलेलीच नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. तडजोडीची रक्कम भरल्याच्या तारखेनंतरच्या चौकोनांतही उशिराचे आकडे वाढत चालले असतील, तर ती चूक आहे. तिच्यावर वहीत लाल खूण करावी.

या चार गोष्टी विशेष लक्ष देऊन शोधाव्यात :

- तडजोड पूर्ण होऊनही ‘थकीत रक्कम’ शून्याहून अधिक असणे.
- एकच कर्ज दोनदा दिसणे. बँकेने खाते मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले असेल, तर जुनी बँक आणि नवी कंपनी अशा दोघांकडेही बाकी दाखवली जाते.
- आपण जामीन राहिलेले कर्ज. मित्राचे किंवा भावाचे हप्ते थकले असतील, तर त्याचा डाग आपल्या रिपोर्टवरही येतो.
- आपले नसलेलेच खाते. सारखे नाव आणि जन्मतारीख असल्यास किंवा पॅन क्रमांक चुकीचा नोंदला गेल्यास असे घडते.

सावधान : ‘रिटन-ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झाले, असा अर्थ बरेच जण घेतात. बँकेने ती रक्कम आपल्या हिशेबातून बाजूला काढलेली असते, आपल्या डोक्यावरून नव्हे. देणे कायम राहते आणि वसुलीही चालू राहू शकते. तडजोड न होता नुसते राइट-ऑफ झालेले खाते असेल, तर टप्पा ३ वर जाण्याआधी त्या बँकेशी लेखी बोलणी करून ते मिटवावे लागेल.

टप्पा ३ : कागद पूर्ण करणे

सर्वाधिक घोटाळा या टप्प्यावर होतो, म्हणून इथे थोडे सावकाश जाऊ.

तडजोडीच्या व्यवहारात तीन वेगवेगळे कागद असतात आणि लोक त्यांपैकी एकालाच शेवटचा समजतात. पहिला म्हणजे तडजोडीचे मंजुरीपत्र, ज्यात किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती हप्त्यांत भरायची ते लिहिलेले असते. दुसरा म्हणजे पैसे भरल्याच्या पावत्या. तिसरा, आणि खरा महत्त्वाचा, म्हणजे बेबाकी दाखला, ज्याला बँकेत ‘नो ड्यूज’ म्हणतात. या दाखल्यावर संपूर्ण खाते क्रमांक, खात्यात काहीही येणे बाकी नसल्याचे स्पष्ट वाक्य, तारीख, आणि अधिकृत सही किंवा संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आल्याचा पुरावा असला पाहिजे.

माझ्या स्वतःच्या कार्डाच्या तडजोडीनंतर आलेल्या पत्रात ‘आपली रक्कम प्राप्त झाली’ एवढेच एक वाक्य होते. मी ते फाइलला लावून मोकळा झालो. अकरा महिन्यांनी रिपोर्ट काढला, तेव्हा त्याच खात्यावर ७,३४० रुपये थकीत दिसत होते. शेवटचा हप्ता भरल्यानंतर आणि खाते बंद होण्याआधी लागलेले व्याज तसेच राहून गेले होते. ते रद्द करून घेण्यात आणखी तीन महिने गेले, आणि तोवर प्रत्येक महिन्याचा चौकोन उशिराचा आकडा दाखवत राहिला. ‘रक्कम मिळाली’ आणि ‘काही येणे नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे मी तेव्हा शिकलो.

बेबाकी दाखल्यासोबत पुढील कामेही याच टप्प्यात उरकावीत. बचत खात्यातून हप्ता कापण्याची जुनी नॅच किंवा ई-मँडेट रद्द करून घ्यावी. कर्ज घेताना सह्या करून दिलेले कोरे वा पुढच्या तारखांचे धनादेश परत मागावेत. ते हरवले असल्याचे उत्तर आले, तर तसे लेखी घ्यावे आणि आपल्या बँकेला ते धनादेश थांबवण्याची सूचना द्यावी. वाहनकर्ज असेल, तर बँकेकडून एनओसी (ना-हरकत दाखला) व कर्जाचा शेरा काढण्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा कर्जाचा शेरा काढून घ्यावा. घर किंवा जमीन तारण असेल, तर सातबाऱ्यावरचा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा बोजा उतरवून घ्यावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत देणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

सावधान : तडजोडीची रक्कम नेहमी कर्ज खात्यातच भरावी. वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर किंवा रोख भरलेले पैसे खात्यात जमा झाले नाहीत, तर तडजोडच रद्द ठरू शकते.

टप्पा ४ : चुकीच्या नोंदी दुरुस्त करून घेणे

दुरुस्तीचा अर्ज ब्युरो आणि बँक या दोघांकडेही करावा. ब्युरो बँकेने दुजोरा दिल्याशिवाय स्वतःहून नोंद बदलत नाही, आणि बँकेच्या शाखेतील कर्मचाऱ्याला अनेकदा रिपोर्टवर काय दिसते याची कल्पना नसते. म्हणून ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या-त्या नोंदीविरुद्ध तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला तो क्रमांक, रिपोर्टचे संबंधित पान आणि बेबाकी दाखला जोडून ईमेल पाठवावा.

पत्रात कहाणी सांगू नये. नोकरी गेली, घरात आजारपण होते, हे सगळे खरे असले तरी ते वाचणाऱ्याला नोंद बदलण्यासाठी उपयोगाचे नसते. इतके पुरते : ‘खाते क्रमांक अमुक. दिनांक अमुकच्या आपल्या पत्रानुसार या खात्यात येणे बाकी नाही. रिपोर्टवर मात्र थकीत रक्कम ७,३४० रुपये दिसत आहे. कृपया ही रक्कम शून्य करून चारही क्रेडिट ब्युरोंना सुधारित माहिती पाठवावी व तसे लेखी कळवावे.’ एका पत्रात एकाच खात्याची एकच मागणी असावी. चार खात्यांच्या सात चुका एका पत्रात भरल्या, की एखादीच दुरुस्त होऊन उत्तर येते आणि तक्रार बंद होते.

तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईचा हक्क २६ एप्रिल २०२४ पासून मिळाला आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. क्रेडिट ब्युरोही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. थेट लोकपालाकडे जाऊ नये. आधी संस्थेकडे तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर अर्ज फेटाळला जातो.

सावधान : ‘दोन महिन्यांत सिबिल ७५० करून देतो’ असे सांगणाऱ्या दलालांना पैसे आणि ओटीपी देऊ नयेत. चुकीची नोंद आपण स्वतः फुकट दुरुस्त करू शकतो आणि खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही.

टप्पा ५ : ‘सेटल्ड’चे ‘क्लोज्ड’ करावे का?

तडजोडीत बँकेने जी रक्कम सोडून दिली ती नंतर भरली, तर बहुतेक बँका खात्याची स्थिती ‘क्लोज्ड’ अशी बदलून देतात. हे करावे की नाही याचे उत्तर प्रत्येकासाठी सारखे नाही.

माझे मत असे आहे : येत्या तीन-चार वर्षांत गृहकर्ज घ्यायचे असेल आणि सोडलेली रक्कम दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी असेल, तर ती भरून टाकावी. गृहकर्जाचा अर्ज तपासणारा अधिकारी स्कोअरचा आकडा पाहून थांबत नाही, ‘सेटल्ड’ हा शब्दही पाहतो. याउलट हातात तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकीही शिल्लक नसेल, तर आधी ती उभी करावी. डाग पुसण्यासाठी शिल्लक रिकामी केली आणि पुढच्या आजारपणात पुन्हा हप्ता थकला, तर सगळे परत पहिल्या पायरीवर येते. त्याहून वाईट म्हणजे ही रक्कम भरण्यासाठी मोबाइल अ‍ॅपवरून नवे कर्ज काढणे. ते कदापि करू नये.

भरायचे ठरले तर क्रम असा ठेवावा. आधी बँकेकडून लेखी घ्यावे की अमुक रक्कम भरल्यावर खात्याची स्थिती ‘क्लोज्ड’ अशी कळवली जाईल. मग रक्कम कर्ज खात्यात भरावी. मग नवा बेबाकी दाखला घ्यावा, कारण जुन्या दाखल्यावर तडजोडीचा उल्लेख असतो. तोंडी आश्वासनावर पैसे भरून नंतर ‘आमच्या प्रणालीत तशी सोय नाही’ हे उत्तर ऐकलेले लोक थोडेथोडके नाहीत. खाते पुनर्रचना कंपनीला विकले गेले असेल, तर ही सर्व पत्रे त्या कंपनीकडून घ्यावी लागतात. जुन्या बँकेच्या शाखेत खेटे घालून उपयोग नसतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते असे लोक खात्रीने सांगतात. नियमात ब्युरोंनी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असे आहे. ती किमान मुदत आहे, पुसण्याची तारीख नव्हे. त्या भरवशावर थकलेले खाते तसेच सोडू नये.

टप्पा ६ : थांबण्याचा काळ

तडजोड केलेल्या कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्याआधी शेतीकर्ज वगळता किमान १२ महिने जाऊ द्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात म्हटले आहे. प्रत्येक संस्था आपल्या धोरणानुसार ही मुदत वाढवू शकते. या काळात कर्जासाठी अर्ज करणे म्हणजे नकार विकत घेणे. ‘प्री-अप्रूव्ह्ड’ संदेशावर केलेला स्पर्शसुद्धा चौकशी म्हणून नोंदला जाऊ शकतो.

जी खाती चालू आहेत, मग ते दुचाकीचे कर्ज असो की फ्रिजचा हप्ता, ती एकही दिवस उशीर न होता चालवावीत. हप्त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात पैसे आहेत का ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. जुने, चांगले चाललेले एखादे कार्ड असेल, तर ते रागाने बंद करू नये. तेच एक खाते आपल्या बाजूने बोलत असते.

टप्पा ७ : एफडीवरचे कार्ड

जुन्या नोंदी स्वच्छ झाल्यावरच हा टप्पा सुरू करावा. मुदत ठेव तारण ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड हे बहुतेकांसाठी नव्याने उभे राहण्याचे सर्वांत सुरक्षित साधन आहे, कारण बँकेला आपल्या जुन्या इतिहासाची भीती उरत नाही.

ज्या बँकेत जुने देणे अजून बाकी आहे तिथे ही ठेव ठेवू नये. बँक त्या देण्यापोटी ठेव वळती करून घेऊ शकते. पतसंस्थेतून कर्ज घेऊन स्कोअर वाढवण्याचा विचार असेल, तर आधी विचारावे की संस्था क्रेडिट ब्युरोंना माहिती पाठवते का. सगळ्याच पतसंस्था पाठवत नाहीत, आणि मग नियमित हप्त्यांचा रिपोर्टवर काहीही उपयोग होत नाही.

समजा, ३०,००० रुपयांच्या ठेवीवर २४,००० रुपये मर्यादेचे कार्ड मिळाले. मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा, म्हणजे ७,२०० रुपयांपेक्षा अधिक बाकी कधीच होऊ देऊ नये. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांना महिन्यातून किमान दोनदा माहिती ब्युरोंना पाठवावी लागते. त्यामुळे महिनाभर कार्ड भरून वापरायचे आणि शेवटच्या तारखेला फेडायचे, ही जुनी पद्धत आता रिपोर्टवर दिसून येते. गॅस सिलिंडर, मोबाइलचे बिल आणि थोडा किराणा असे दोन-तीन हजार रुपयांचे ठरलेले खर्च त्यावर करावेत. स्टेटमेंट १८ तारखेला येत असेल आणि देय तारीख ७ असेल, तर ‘संपूर्ण रक्कम’ आपोआप भरण्याची सूचना लावावी आणि ५ तारखेला खात्यातली शिल्लक तपासावी.

‘किमान देय रक्कम’ हा पर्याय निवडू नये. ती भरल्याने खाते थकीत दिसत नाही हे खरे, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढते, नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते आणि बाकी फुगत जाते. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय कार्ड थकीत म्हणून कळवता येत नाही, असा नियम आहे; परंतु चौथ्या दिवशी मोजणी मूळ देय तारखेपासूनच होते, म्हणून त्या सवलतीवर विसंबू नये. कार्डावरून रोख रक्कम काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

तपासणी : कार्ड सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी रिपोर्ट काढून हे कार्ड चारही ठिकाणी दिसते आहे का ते पाहावे. दिसत नसेल, तर आपली शिस्त नोंदलीच जात नाही. बँकेला लगेच लिहावे.

टप्पा ८ : पुढचे कर्ज मागताना

कार्डाचे सलग १२ महिने ‘०००’ दिसल्यावरच दुसऱ्या कर्जाचा विचार करावा, तोही खरी गरज असेल तर. स्कोअर वाढावा म्हणून व्याज भरत कर्ज काढण्यात शहाणपण नाही. अर्ज एका वेळी एकाच ठिकाणी करावा आणि तो भरण्याआधी शाखेत जाऊन विचारावे, की जुने तडजोड झालेले खाते असलेल्या अर्जदाराबद्दल त्यांचे धोरण काय आहे. या तोंडी चौकशीची रिपोर्टवर नोंद होत नाही. जुने खाते लपवू नये; ते अधिकाऱ्याला दिसणारच असते. त्याऐवजी मंजुरीपत्र, पावत्या, बेबाकी दाखला, दुरुस्तीच्या तक्रारीचे उत्तर आणि ताजा रिपोर्ट या क्रमाने लावलेली फाइल सोबत न्यावी, आणि अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागून घ्यावे, म्हणजे पुढचा अर्ज करण्याआधी नेमके कोणत्या खात्याच्या पानावर परत जायचे ते कळते.